पेल्यातला साका: बिअर निवळण्याचा इतिहास आणि शुद्धतेचा गैरसमज

१/
दोन-तीन आठवडे आंबलेली बिअर बाटल्यांत भरायची वेळ आली की ब्रिटन-अमेरिकेतील घरी बिअर करणारा हौशी माणूस एका प्रश्नापाशी थांबतो. भांड्याच्या तळाशी बोटभर साका बसलेला असतो आणि वरचे पेय अजून किंचित धूसर दिसते. ते तसेच भरावे, की जिलेटिन घालून आरशासारखे नितळ करून मग भरावे?

२/
प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो, पण त्यामागे सुमारे पाच हजार वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाने एक समजूत मागे ठेवली आहे: जे नितळ ते शुद्ध, जे गढूळ ते हलके. ही समजूत काच, भांडवल आणि यंत्रे यांनी घडवली. ती निसर्गाचा नियम नाही. या धाग्याचे म्हणणे एवढेच, की निवळपणा ही एक निवड आहे आणि ती शुद्धतेचा दाखला म्हणून मिरवली जाऊ नये.

३/
मराठी भाषेला हा विषय परका नाही. पाणी निवळते, आकाश निवळते, भांडणानंतर वातावरणही निवळते. पावसाळ्यातले गढूळ पाणी निवळावे म्हणून त्यात तुरटी फिरवण्याची किंवा रांजणाच्या आतल्या बाजूस निवळीचे बी घासण्याची रीत जुनी आहे. या झाडाला संस्कृतात कतक म्हणतात आणि त्याच्या फळाच्या पाणी निवळण्याच्या गुणाचा उल्लेख मनुस्मृतीतही दृष्टान्तासाठी आला आहे.

४/
मात्र निवळीने निवळलेले पाणीही उकळून घ्यावे लागते, हे घरातल्या अनुभवी माणसांना ठाऊक असते. डोळ्यांना दिसणारी माती तळाशी गेली म्हणजे न दिसणारे जंतू गेले असे होत नाही. पाण्याच्या बाबतीत हा विवेक सहज पाळला जातो. बिअरच्या इतिहासात मात्र तो वारंवार हरवलेला दिसतो.

५/
आधी गढूळपणा म्हणजे काय ते पाहू. बिअरमध्ये तरंगणारे पदार्थ मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला, यीस्ट म्हणजेच किण्वाच्या जिवंत पेशी. दुसरा, सातूच्या माल्टमधील प्रथिने आणि माल्ट-हॉप्समधील तुरट द्रव्ये यांच्या संयोगाने झालेले सूक्ष्म कण. तिसरा, हॉप्सचे आणि धान्याचे बारीक तुकडे. यांतले काहीही विषारी नाही.

६/
दुसऱ्या प्रकारच्या कणांची एक गंमत आहे. बिअर गोठणबिंदूच्या जवळ थंड केली की ते दिसू लागतात आणि ती कोमट झाली की पुन्हा विरघळतात. त्यामुळे खोलीत नितळ दिसणारी बाटली शीतकपाटातून काढल्यावर धुरकट दिसू शकते. पेय तेच असते, फक्त तापमान बदललेले असते.

७/
हे कण खाली का बसत नाहीत? कारण ते फार लहान असतात. यीस्टची पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉनची. द्रवात बुडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली गणिताने दाखवले. व्यास दुप्पट झाला तर वेग चौपट. म्हणून निवळणाऱ्या साऱ्या युक्त्यांचा गाभा एकच: लहान कणांना एकमेकांना चिकटवून मोठे करणे.

८/
यीस्टच्या पेशीच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. माशाच्या किंवा जनावराच्या शरीरातील कोलॅजेन हे प्रथिन बिअरच्या आंबटपणात धनभारित होते. दोन्ही एकत्र आले की त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या तळाशी बसतात. आयरिश मॉस हे लाल समुद्रशैवाल उलट बाजूने काम करते. ते बिअर उकळत असतानाच शेवटच्या १०-१५ मिनिटांत टाकतात. त्यातले ऋणभारित कॅरजीनन प्रथिनांना ओढून घेते.

९/
आता इतिहासाकडे. प्राचीन मेसोपोटेमियात बिअर निवळण्याऐवजी माणसांनी पिण्याची पद्धत बदलली. मोठ्या घटात लांब नळ्या बुडवून चारचौघे एकत्र बिअर पीत, अशी चित्रे सुमेरी मुद्रांवर कोरलेली आढळतात. वर तरंगणारी फोलपटे टाळून मधले पेय ओढायचे, हा नळीचा उपयोग. उर येथील पुआबी या राजस्त्रीच्या कबरीत लेनर्ड वूली यांना अशी मौल्यवान नळीही मिळाली. गढूळ बिअर ही तिथे गरिबीची खूण नव्हती. ती राजघराण्याच्या कबरीतही सन्मानाने पोहोचली होती.

१०/
ग्रीक लेखक झेनोफन इ. स. पूर्व ४०१ च्या सुमारास आर्मेनियातून परतताना असेच पेय पाहतो. घटाच्या काठोकाठ सातूचे दाणे तरंगत होते आणि लोक बोरूच्या नळ्यांनी ते ओढत होते, असे तो नोंदवतो. पेय कडक होते, पण सवय झालेल्याला रुचकर लागे, असे त्याचे मत. तरंगणाऱ्या दाण्यांबद्दल त्याने नाक मुरडलेले नाही.

११/
मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल बनवणे हे मोठ्या प्रमाणावर स्त्रियांचे घरगुती काम होते. हॉप्स नसलेली ही एल काही दिवसांतच आंबट होई, म्हणून ताजी आणि धूसर असतानाच ती विकली आणि प्यायली जाई. पेले लाकडाचे, मातीचे, चामड्याचे किंवा जस्ताळ धातूचे. आतले पेय नितळ आहे की नाही, हे पिणाऱ्याला फारसे दिसतच नसे.

१२/
मग एलचा दर्जा कोण ठरवी? तेराव्या शतकातील पाव आणि एल यांच्या नियमनाच्या कायद्यानंतर गावोगावी चव घेणारे अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांचे साधन जीभ होते. भाव, माप आणि चव या तीन गोष्टी ते पाहत. डोळ्याने न्याय करण्याची वेळ अजून आलेली नव्हती.

१३/
येथे कोणीतरी १५१६ च्या बव्हेरियातील ‘शुद्धतेच्या कायद्या’चा दाखला देईल. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे ड्यूक विल्हेल्म चौथा आणि लुडविग दहावा यांनी तो काढला. बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच असावे, असे त्यात म्हटले आहे. पण मूळ मजकुराचा मोठा भाग उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात बिअर किती भावाने विकावी याविषयी आहे. यीस्टचा त्यात उल्लेखही नाही.

१४/
या कायद्याला ‘शुद्धतेचा कायदा’ हे आज रूढ असलेले नाव विसाव्या शतकात, १९१८ च्या सुमारास मिळाले. म्हणजे सुमारे चारशे वर्षांनी. शिवाय या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या बव्हेरियातच गव्हाची, यीस्टने धूसर झालेली बिअर आवडीने पितात. शुद्धता आणि नितळपणा एकच असते, तर हा विरोधाभास कसा टिकला असता?

१५/
नितळपणाला प्रतिष्ठा मिळाली ती व्यापारी मद्यनिर्मितीबरोबर. अठराव्या शतकात लंडनचे बडे उत्पादक आयसिंग्लास वापरत. स्टर्जन माशाची वाताची पिशवी वाळवून ते तयार होई आणि प्रामुख्याने रशियातून येई. ते महाग होते. थंड तळघरे, महिनोन्‌महिने साठवण आणि परदेशी आयसिंग्लास परवडणाऱ्याचीच बिअर हमखास नितळ होई. घरात चूल पेटवून एल करणाऱ्या बाईला हे कुठून जमणार?

१६/
वायूदिव्यांसाठी प्रसिद्ध असलेले आणि बोल्टन-वॉट यांच्या कंपनीत काम करणारे अभियंते विल्यम मर्डॉक यांनी १७९५ च्या सुमारास वाळवलेल्या कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला. लंडनच्या मद्यउत्पादकांच्या समितीने तो वापरण्याच्या हक्कासाठी २,००० पौंड मोजले. वाफेच्या यंत्राच्या युगातील एक नामवंत अभियंता बिअरच्या गाळावर डोके चालवतो, यावरून त्या नितळपणाची बाजारातील किंमत कळते.

१७/
या शोधाची एक वाट भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली. येथून माशांच्या वाळवलेल्या पिशव्या चीनकडे जात असत. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन फोर्ब्ज रॉयल यांनी १८४२ साली लंडनमध्ये भारताच्या किनाऱ्यावरील आयसिंग्लासच्या उत्पादनावर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. रशियाच्या मालाला साम्राज्यातून पर्याय मिळावा, हा त्यामागचा विचार. पालघर-मुंबईच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या पिशवीला, म्हणजे ‘भोत’ किंवा ‘बोत’ला, आजही मोठा भाव मिळतो, त्याची पाळेमुळे अशा जुन्या व्यापारात आहेत.

१८/
भारतातून आणखी एक वस्तू इंग्लंडच्या बिअरमध्ये पोहोचली, आणि ती भीषण होती. मलबार किनाऱ्याकडून जाणारी काकमारीची विषारी फळे काही उत्पादक बिअरची नशा वाढवण्यासाठी घालत. १८१६ च्या कायद्याने मद्यउत्पादकांना ती जवळ बाळगण्यासही बंदी केली. रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक अकम यांनी १८२० साली अन्नातील भेसळीवर लिहिलेल्या गाजलेल्या ग्रंथात बिअरमधील भेसळीचा सविस्तर पंचनामा केला. विरघळलेले विष पेल्याच्या तळाशी साका धरत नाही. काकमारी घातलेली बिअरही नितळ दिसू शकत होती.

१९/
डोळ्याची फसगत किती महाग पडते, याचे उदाहरण १८५४ च्या लंडनमध्ये सापडते. सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी नावाजलेले होते. हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा चवीसाठी मुद्दाम ते मागवून घेई. कॉलऱ्याच्या साथीत तिचाही अंत झाला. डॉ. जॉन स्नो यांनी साथीचा माग काढत तो पंप गाठला.

२०/
त्याच रस्त्यावरील ब्रुअरीत सत्तरहून अधिक कामगार होते. त्यांच्यात कॉलऱ्याची गंभीर लागण झाली नाही. त्यांना कामावर बिअर मिळे आणि ब्रुअरीची स्वतःची विहीरही होती. बिअर उकळून केलेली, आम्लयुक्त आणि अल्कोहोल असलेली, म्हणून ती त्या पाण्यापेक्षा सुरक्षित ठरली. ती पेल्यात कशी दिसत होती, याचा येथे काहीही संबंध नव्हता.

२१/
आता काच येते. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी बोहेमियातील पिल्सेन येथे योसेफ ग्रोल यांनी फिकट माल्टची, थंडीत आंबणारी सोनेरी बिअर केली. चारच वर्षांपूर्वी, १८३८ मध्ये, बिघडलेल्या बिअरची पिंपे त्या शहरात जाहीरपणे ओतून दिली गेली होती. त्यामुळे नव्या बिअरचे अप्रूप मोठे होते. बोहेमिया काचकामासाठी आधीच प्रसिद्ध. ब्रिटनमध्येही काचेवरील कर १८४५ साली उठला आणि काचेचे पेले हळूहळू सामान्यांच्या हाती आले.

२२/
पारदर्शक पेला हाती आला आणि परीक्षक बदलला. जिभेच्या आधी डोळा निकाल देऊ लागला. सोनेरी, चमकदार, वर पांढरा फेस: हे चित्र बिअरची व्याख्या बनले. जे पेय शतकानुशतके धूसर प्यायले गेले, ते अचानक ‘बिघडलेले’ दिसू लागले. पेयापेक्षा पेला अधिक बदलला होता.

२३/
विज्ञानाने या बदलाला बळ दिले. लुई पाश्चर यांनी १८७६ साली बिअरवरील ग्रंथात बिघाडाचे कारण असलेले जंतू दाखवले. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सन यांनी यीस्टच्या एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध विरजण वापरात आणले. ही खरी शुद्धता होती, आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध झालेली होती. पण तिचा अर्थ ‘कोणते यीस्ट’ असा होता. ‘यीस्ट नकोच’ असा नव्हता.

२४/
दुसरे पाऊल यंत्राचे. १८७८ साली लोरेन्झ एन्झिंगर यांनी जर्मनीत बिअरसाठी गाळणयंत्र आणले. आता आठवडेच्या आठवडे थांबण्याची गरज उरली नाही. पुढे गाळून, पाश्चरीकरण करून, बाहेरून कार्बन डायऑक्साइड भरून बाटल्या भरण्याची पद्धत जगभर पसरली. अशी बिअर टिकाऊ आणि एकसारखी होती. मात्र बाटलीच्या आत घडणारी जिवंत क्रिया त्यात थांबली.

२५/
याला विरोधही झाला. ब्रिटनमध्ये १९७१ साली ‘कॅमरा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली आणि पिंपातच पक्व होणाऱ्या जिवंत एलचा तिने पुरस्कार केला. बर्टनच्या वर्दिंग्टन व्हाइट शील्डसारख्या, तळाशी यीस्ट असलेल्या बाटल्या तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. ती बाटली न हलवता ओतून साका तळाशी ठेवणे, ही जाणकारांची खास कला मानली जाई.

२६/
याच काळात घरगुती बिअर कायदेशीर झाली. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरी बिअर करण्यासाठी लागणाऱ्या परवान्याची अट गेली. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यासंबंधीच्या कायद्यावर सही केली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी मद्य तयार करता येत नाही. त्यामुळे पुढील तपशील येथील वाचकाने इतिहास आणि विज्ञान म्हणूनच वाचावा.

२७/
घरच्या बाटलीत फेस येतो तो यीस्टमुळेच. भरताना लिटरमागे साधारण ५ ते ७ ग्रॅम साखर घालतात. २० लिटरला १०० ते १४० ग्रॅम. उरलेले यीस्ट ही साखर खाते, वायू बाटलीत कोंडतो आणि २० अंशांच्या आसपास दोन आठवड्यांत बिअर फेसाळते. साखर जास्त झाली किंवा आंबणे अपुरे राहिले, तर बाटली फुटू शकते. म्हणजे ज्या गाळाला नावे ठेवली जातात, तोच या बाटलीचा कारागीर आहे.

२८/
मग निवळायचे कसे? पहिला उपाय थंडी आणि सबुरी. आंबणे पूर्ण झाल्यावर भांडे दोन-तीन दिवस १-२ अंशांवर ठेवले की बरेच यीस्ट आपोआप बसते. घाई असेल तर गरम, पण न उकळत्या पाण्यात विरघळवलेले थोडे जिलेटिन थंड बिअरमध्ये घालून आणखी दोन दिवस थांबतात. मग नळीने वरची नितळ बिअर साक्याला धक्का न लावता काढून घेतात. अशी बिअर डोळ्यांना स्वच्छ दिसते, तरी तिच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये यीस्टच्या हजारो-लाखो पेशी असतात आणि फेसासाठी त्या पुरतात.

२९/
सबुरीचा दाखला भारताशी जोडलेला आहे. लंडनच्या बो भागातील हॉजसन यांची फिकट एल पिंपांतून जहाजाने मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला येई. प्रवास महिनोन्‌महिन्यांचा. त्या काळात पिंपातली बिअर संथपणे पक्व होई. पुढे इंडिया पेल एल म्हणून नावारूपाला आलेल्या या पेयाच्या कीर्तीत काळाचा वाटा मोठा होता.

३०/
नितळपणाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. फार यीस्ट राहिले तर ते कालांतराने मरून विघटित होते आणि मांसाच्या रश्शासारखा वास येऊ लागतो. तरंगणारे हॉप्सचे कण जिभेला बोचतात. आधी नितळ असलेली बिअर अचानक गढूळली, तर तो जंतूंच्या शिरकावाचा इशाराही असू शकतो. निवळणे हे चांगले कसब आहे. आक्षेप आहे तो त्या कसबाला सचोटीचे प्रमाणपत्र समजण्याला.

३१/
उलट बाजूची फॅशनही तितकीच आंधळी आहे. अमेरिकेतील व्हर्माँटमधून पुढे आलेली धुक्यासारखी, फळांच्या स्वादाची इंडिया पेल एल इतकी लोकप्रिय झाली की २०१८ साली तेथील ब्रुअर्स असोसिएशनने धूसर बिअरला आपल्या शैलींच्या यादीत स्थान दिले. मग काही हौशी मंडळी केवळ धूसरपणासाठी त्यात पीठ घालू लागली! काल नितळ म्हणजे शुद्ध होते, आज गढूळ म्हणजे ‘अस्सल’ झाले. दोन्ही वेळा निकाल डोळ्याने दिला.

३२/
यात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विश्वासाचा आहे. आयसिंग्लास माशाचे, जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांचे. ते बहुतांशी साक्याबरोबर तळाशी जातात, म्हणून युरोपीय संघाच्या नियमांत बिअर आणि वाइन निवळण्यासाठी वापरलेल्या आयसिंग्लासला ॲलर्जीच्या सूचनेतून सूट आहे. पण शाकाहारी माणसासाठी ‘किती उरले’ यापेक्षा ‘वापरले का’ हा प्रश्न मोठा असतो. सर्वांत नितळ पेल्यानेच सर्वांत जास्त माहिती लपवलेली असू शकते.

३३/
या प्रश्नाचा दबाव बड्या कंपन्यांनाही जाणवला. गिनेसने २०१५ साली आयसिंग्लासचा वापर सोडण्याची घोषणा केली. जवळजवळ काळ्या, आरपार न दिसणाऱ्या बिअरसाठी इतकी वर्षे मासा वापरला जात होता, यातच सवयीची ताकद दिसते. घरी बिअर करणाऱ्याचे कर्तव्य त्याहून सोपे आहे: पाहुण्यापुढे पेला ठेवताना त्यात काय घातले होते ते सांगावे. धूसर असेल तर लाजू नये आणि नितळ असेल तर मिरवू नये.

३४/
इतिहासाच्या अभ्यासकाला तर गाळाचे ऋण मानावेच लागेल. इराणमधील गोदिन तेपे येथे सापडलेल्या, इ. स. पूर्व चौथ्या सहस्रकातील घटाच्या आतल्या खाचांत फिकट पिवळसर थर चिकटलेला होता. संशोधकांनी त्यात कॅल्शियम ऑक्झलेट ओळखले. सातूची बिअर साठवलेल्या भांड्यांत साचणारा हा खडा. घासूनपुसून लख्ख केलेला घट काहीच बोलला नसता. साक्याने पाच हजार वर्षांनंतर साक्ष दिली.

३५/
दुसरी साक्ष कार्ल्सबर्गची. २०१३ साली तेथील जुन्या तळघरात १८८३ च्या काळातील बाटल्या सापडल्या. एका बाटलीच्या तळाशी बसलेल्या साक्यातून संशोधकांना जिवंत यीस्ट मिळाले. ते वाढवून २०१६ साली हान्सन यांच्या काळची बिअर पुन्हा बनवण्यात आली. शुद्ध यीस्टचा युगप्रवर्तक शोध प्रत्यक्ष चाखता आला, तो त्या बाटल्या पुरत्या गाळून भरल्या नव्हत्या म्हणून.